नवी एमटीबी (माउंटन बाइक) घेतलीत? पहिला महिना असा काढा

सायकल तुमच्या ताब्यात देताना आम्ही बरंच काही सांगतो, पण नव्या सायकलच्या आनंदात त्यातलं निम्मं लक्षात राहत नाही. म्हणून हा कागद. सायकल जिथे ठेवाल तिथेच भिंतीला लावून ठेवा.

हवा आणि काटे

दुकानात परत येणाऱ्या बहुतेक तक्रारींचं मूळ हवेत असतं. टायर दगडासारखा टणक असला की सायकल पळते, असा समज आहे. डांबरी रस्त्यावर तो काही अंशी खराही आहे. टेकडीवर मात्र टणक टायर प्रत्येक खड्यावरून उडतो, मुरमावर घसरतो आणि संध्याकाळी मनगटं दुखतात. तुमचं वजन 65-70 किलोच्या आसपास असेल आणि 2.1 इंची टायरमध्ये ट्यूब असेल, तर पायवाटेसाठी 30 ते 35 पीएसआयपासून (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) सुरुवात करा. पुढच्या चाकात मागच्यापेक्षा दोनेक पीएसआय कमी. वजन जास्त असेल तर हवा थोडी वाढवा. फारच कमी ठेवलीत तर दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चेपते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं शेजारी-शेजारी पडतात.

पेट्रोल पंपावर हवा भरणं शक्यतो टाळा. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मावते थोडी, आणि तिथल्या दाबाने ती काही सेकंदांतच जास्त होते. हेल्मेटनंतरचा पहिला खर्च कोणता करावा असं विचाराल, तर आम्ही मीटरवाला उभा पंप सांगू. आठवड्यातून एकदा हवा मोजा.

आपल्या पुण्याच्या टेकड्यांवर, आणि पूर्वेकडे जावं तसं अधिकच, गाठ पडते बाभळीच्या काट्यांशी. इथे एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो: पंक्चर ट्यूब काढली, नवी घातली, पंप मारला, निघाले, आणि शंभर पावलांवर नवी ट्यूबही बसली. काटा टायरमध्येच रुतलेला होता! नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून कापडाचा तुकडा सावकाश गोल फिरवा. कापड अडकेल तिथे काटा आहे. सोबत एक जादा ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर, छोटा पंप आणि एलन कीचा (षटकोनी पान्यांचा) जोड हवाच. पंक्चर काढायचा सराव घरी एकदा करून बघा. शनिवारी दुपारी दुकानात या, आम्ही शेजारी बसून शिकवतो. त्याचे पैसे घेत नाही.

ब्रेक

1976 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकलींवर एका डोंगरउतारावरून शर्यती लावायचे. एकाच उतारात मागच्या हबमधला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातला, ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन जायचं आणि नव्याने भरावं लागायचं. म्हणून शर्यतीचं नावच ‘रीपॅक’ पडलं. आजच्या एमटीबीची सुरुवात तिथली. तुमच्या सायकलला डिस्क ब्रेक आहे, पण लांब उतारावर लिव्हर सतत दाबून धरलात तर तोही तापतो. वळणाच्या आधी नीट दाबा, वेग कमी करा, सोडा.

डिस्कला दाबून धरणारे नवे पॅड पहिल्या दिवशी पूर्ण पकड देत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेग घ्या, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबून जवळजवळ थांबा, पुन्हा वेग घ्या. असं वीसेक वेळा केलं की फरक हाताला जाणवतो. डिस्कला बोट लावू नका आणि तिच्यावर तेलाचा थेंब पडू देऊ नका. तेल प्यायलेले पॅड सहसा बदलावेच लागतात. हायड्रॉलिक (तारेऐवजी द्रवाच्या दाबावर चालणारा) ब्रेक असेल तर चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नका.

पुढच्या ब्रेकची भीती बाळगू नका. उतारावर खरी ताकद त्याचीच असते. पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे ते आधी पाहून घ्या, सायकलीनुसार ते बदलतं. उतरताना दोन्ही पॅडल एका पातळीत ठेवा, सीटवरून उठा, वजन थोडं मागे घ्या आणि नजर चाकापाशी न ठेवता पुढच्या वाटेवर ठेवा.

सीट, पॅडल, चेन

टाच पॅडलवर ठेवा, पॅडल सर्वांत खाली न्या. गुडघा सरळ झाला की सीटची उंची बरोबर. उतारासाठी ती थोडी खाली घ्यावी.

सायकल गाडीतून नेण्यासाठी पॅडल काढत असाल तर एक नक्की लक्षात ठेवा: डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. उजवं पॅडल नेहमीसारखं आवळतं, डावं घड्याळाच्या उलट दिशेने. सैल पॅडलवर चालवत राहिलात तर क्रँकचे (पॅडल ज्याला बसतं त्या दांड्याचे) आटे झिजतात, मग क्रँकच बदलावा लागतो.

गिअर चढ सुरू होण्याआधी बदला, ऐन चढावर पायाचा जोर असताना नको. चेनला चेनचंच तेल घाला आणि वरचं फडक्याने पुसून काढा. गंज सोडवायचा स्प्रे म्हणजे चेनचं तेल नव्हे. गाड्या धुण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली सायकल धरू नका, बेअरिंगमध्ये पाणी शिरतं. बादली आणि ब्रश पुरे.

टेकडीवर

वेताळ टेकडी असो की तळजाई, पहाटे तिथे चालायला येणारी माणसं आपल्या आधीपासूनची आहेत. वेग कमी करा, आवाज द्या, वाट सोडा. प्रवेशद्वारावर वनविभागाचा फलक असेल तर वाचा, आणि सायकलला मनाई असेल तिथे जाऊ नका. पावसाळ्यात काळ्या मातीची वाट लागली तर उतरून सायकल उचला, कारण ती माती चाक आणि फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दुबेळक्याच्या) मध्ये भरून चाकच थांबवते. ओल्या पायवाटेवर चर पडले की ते वर्षभर तसेच राहतात, म्हणून जोराच्या पावसानंतर एक-दोन दिवस वाट सुकू द्या.

पहिली सर्व्हिस

पहिल्या तीन-चार आठवड्यांत केबल ताणतात, स्पोक बसतात, गिअर कुरकुरतात. सायकलीत दोष आहे असा त्याचा अर्थ नाही. महिनाभराने पहिल्या सर्व्हिसला घेऊन या. येताना कोणत्या गिअरला, चढावर की सपाटीवर आवाज येतो, ते चिठ्ठीवर लिहून आणा.