प्लांटेड टँकमधला पीटचा थर

गोड्या पाण्यातल्या झाडांच्या टाकीत वाळू किंवा ग्रॅव्हलच्या खाली, अगदी काचेला लागून पीट मॉसचा पातळ थर देतात, त्यालाच पीटचा थर म्हणतात. पीट म्हणजे मुख्यतः स्फॅग्नम नावाचं मॉस, दलदलीत पाण्याखाली हवा न मिळाल्यामुळे हजारो वर्षं अर्धवट कुजत पडलेलं. ते वर्षाला जेमतेम एखादा मिलिमीटर साठतं आणि बाजारात येतं ते बहुतेक कॅनडा, आयर्लंड, बाल्टिक देश अशा थंड भागांतून. आपल्याकडे निलगिरीच्या डोंगरात पीट सापडतं, पण टाकीत घालायचं पीट बाहेरचंच असतं.

मुंबईत पहिला घोळ खरेदीतच होतो. क्रॉफर्ड मार्केटला किंवा घराजवळच्या नर्सरीत नुसतं "पीट द्या" म्हटलं की बहुतेक वेळा कोकोपीट हातात पडतं, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, विटेसारखा दाबलेला. हे पीट नव्हेच. त्याच्यात बऱ्याचदा मीठ असतं आणि पीटचा आंबटपणा जवळजवळ नसतो, त्यामुळे पाकिटावर पीट मॉस किंवा स्फॅग्नम पीट लिहिलंय का ते बघायचं, आणि खत मिसळलेलं तर अजिबात घ्यायचं नाही, कारण त्यातला नायट्रोजन पाण्यात उतरला की अमोनिया वाढून मासे मरतात.

पीट हे खत आहे असा बऱ्याच जणांचा समज असतो आणि मला तो मुद्दाम खोडावासा वाटतो. त्यात अन्नद्रव्यं फार कमी असतात. त्याचं काम धरून ठेवायचं: लोह, अमोनियम, कॅल्शियम असे धन आयन ते स्वतःला चिकटवून घेतं आणि मुळांना हळूहळू देतं. शिवाय त्यातली ह्युमिक आम्लं लोहाला विरघळलेल्या रूपात ठेवतात, नाहीतर लोह गंजून निरुपयोगी होतं. म्हणून पीटबरोबर लोह देणारं काहीतरी हवंच, आणि ते आपल्या कोकणात घराच्या भिंतीतच आहे, जांभा दगड! जांभ्याचा चुरा धुऊन पीटमध्ये मूठभर मिसळला तर जोडी चांगली जमते.

पीटची खरी ख्याती पाणी मऊ (म्हणजे कमी क्षारांचं) आणि आंबट करण्याची. मुंबईकराला त्याची गरज किती, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. पालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांचं, म्हणजे पावसाचंच, ते आधीच मऊ आहे, केएच (पाण्याची आम्ल झेलून पीएच टिकवायची ताकद) कमी. अशा पाण्यात पीट जास्त झालं तर उरलासुरला केएच संपतो आणि पीएच एकदम घसरतो, फिल्टरमधले बॅक्टेरियाही मंदावतात. त्यामुळे नळाच्या पाण्यावर टाकी असेल तर पीट फक्त मुळांसाठी, तेही थोडंसंच, आणि महिन्यातून एकदा केएच मोजायचा, दोन डिग्रीच्या खाली गेला तर फिल्टरमध्ये थोडे शिंपले टाकायचे. बोअरवेल किंवा टँकरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत उलटं होतं, तिथे वाळूखालच्या अर्ध्या सेंटिमीटर पीटने पाणी मऊ होईल ही आशा धरू नये, कारण वाळूखाली पाणी फारसं फिरतच नाही.

थर घालताना घाई नको. कोरडं पीट पाणी घेत नाही, तसंच टाकलं तर सगळं वर तरंगून येतं. बादलीत गरम पाणी ओतून रात्रभर भिजवायचं, सकाळी हातात घेऊन पिळायचं, बोटांच्या फटींतून कोऱ्या चहासारखं पाणी गळतं आणि मुठीत ओल्या मातीसारखा गोळा राहतो, तो झाला तयार. दोन फूट बाय एक फूट टाकीला असं पिळलेलं पीट एक लिटरभर पुरतं, थर अर्ध्या सेंटिमीटरचा. त्यात जुन्या टाकीच्या तळाचा गाळ मिळाला तर सोनंच. वर पाच-सात सेंटिमीटर धुतलेली वाळू, आणि पाणी भरताना खाली ताटली ठेवून तिच्यावर धार सोडायची. समुद्राची वाळू नको, तिच्यातले शिंपल्यांचे तुकडे आम्लात विरघळून पाणी जड करतात. शंका असेल तर व्हिनेगरचे चार थेंब टाकून फेस येतो का बघा.

जाड थराचा मोह मात्र आवरा. मी एकदा तीन सेंटिमीटर पीट घातलं होतं, जास्त घातलं की झाडं जास्त वाढतील म्हणून. मे महिन्यात टाकीचं पाणी ३१ अंशांवर गेलं, आणि काडीने वाळू टोचली तर बुडबुडे आले, सडक्या अंड्याचा वास. हायड्रोजन सल्फाइड. अमेझॉन स्वोर्डचं झाड उपटलं तर मुळं काळी पडली होती. गरमीत कुजणं वेगाने होतं आणि पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, म्हणून थंड देशांतली मापं इथे जशीच्या तशी घेऊ नयेत. वाळूत शिरणाऱ्या ट्रम्पेट गोगलगायी असतील तर खालची वाळू मोकळी राहते.

फायदा होतो तो मुळांनी खाणाऱ्या झाडांना, त्यात क्रिप्टोकोरायनी सगळ्यात पुढे (तिच्या स्पायरालिस आणि रेट्रोस्पायरालिस या जाती सह्याद्रीतल्या ओढ्यांत आपसूक वाढतात). लाकडाला बांधायचे अनुबियास आणि जावा फर्न यांना पीटचा काही उपयोग नाही. माशांमध्ये टेट्रा खूश, गप्पी-मोलींना मात्र जड पाणी लागतं.

एक गोष्ट मनाला लागते: जगाच्या जमिनीच्या फक्त ३ टक्के भागात पीटभूमी आहे, पण जगातल्या सगळ्या जंगलांतल्या झाडांपेक्षा जास्त कार्बन तिने धरून ठेवलाय, आणि ती खणली की तो हवेत जातो. म्हणून एका टाकीला एक लिटर, त्यापुढे नाही. नुसतं चहाच्या रंगाचं पाणी हवं असेल तर मुंबईच्या गल्लोगल्ली देशी बदामाची लाल पानं गळून पडलेली असतात, रस्त्यापासून लांबची वेचून धुऊन वाळवून टाकली की काम होतं.

वर्ष-दोन वर्षांनी थर कुजून गाळात मिसळतो, तो परत घालता येत नाही. तोवर मोठं झाड उपटायचं झालं तर मुळं आधी कात्रीने कापून मग हळू ओढा, नाहीतर खालचं तपकिरी पीट ढगासारखं वर येतं आणि त्या दिवशी अर्धं पाणी बदलावं लागतं.