नवऱ्याला परदेशी पोस्टिंग: बायको-मुलांचं मेडिकल क्लिअरन्स कसं मिळवायचं

अमेरिकेच्या नेव्हीत, आर्मीत किंवा एअर फोर्समध्ये असलेल्या नवऱ्याला जपानची किंवा जर्मनीची ऑर्डर आली, की घरात पहिली चर्चा सामानाची होते. कपाटाआधी उघडायची असते ती मेडिकल फाइल. क्लिअरन्स झाल्याशिवाय कुटुंबाच्या सरकारी प्रवासाची परवानगी निघत नाही, आणि नवरा पुढे, बायको-मुलं मागे अशी वेळ येते.

या तपासणीला बऱ्याच जणी उगाच घाबरतात. बघतात ते एवढंच: तुम्हाला लागणारा डॉक्टर आणि औषध, मुलाला शाळेत लागणारी मदत, हे त्या बेसवर किंवा आसपास मिळेल का? त्यामुळे एकाच आजाराला दोन ठिकाणी दोन उत्तरं मिळू शकतात. जर्मनीत लांडस्टूलला मोठं लष्करी हॉस्पिटल आहे, तिथे चालून जाईल ते नुसतं क्लिनिक असलेल्या छोट्या बेसला अडू शकतं. थायरॉइडची रोजची गोळी सहसा कुठेच आडवी येत नाही.

पात्रतेचं सांगायचं तर तुमची डिअर्समध्ये (लष्करी कुटुंबांची सरकारी नोंदवही) नोंद हवी, डिपेंडंटचं म्हणजे अवलंबून असलेल्या कुटुंबीयाचं ओळखपत्र हवं आणि नवऱ्याने कुटुंबासह राहण्याची टूर, म्हणजे पोस्टिंगची मुदत, घेतलेली हवी. जपान-जर्मनीत बहुतेक ठिकाणी कुटुंबासह ३६ महिने, एकट्याला २४ महिने. क्लिअरन्स झालं की कमांड स्पॉन्सरशिप, म्हणजे कुटुंबाला सोबत ठेवायची लष्कराची मंजुरी, मिळण्याचा रस्ता मोकळा होतो, आणि सगळं अडलेलं असतं ते तिच्यावरच: तुमचं विमानभाडं, कुटुंबाच्या हिशोबाने घर, मुलांना बेसवरच्या शाळेत हक्काची जागा, आणि ट्रायकेअर या लष्करी आरोग्य विम्याची प्राइम ओव्हरसीज योजना. ती नसताना स्वखर्चाने गेलात तर त्याच विम्याच्या सिलेक्ट योजनेवर राहावं लागतं आणि बेसच्या क्लिनिकमध्ये जागा उरली तरच नंबर लागतो.

फॉर्म आजवर प्रत्येक दलाचे वेगळे असत. आर्मीत डीए ५८८८ आणि डीए ७२४६, नेव्हीत नॅव्हमेड १३००/१ आणि १३००/२, एअर फोर्समध्ये एएफ १४६६ आणि दातांसाठी १४६६डी. सध्या कोणते चालतात ते आधी विचारून घ्या. जुना आजार असेल, नेहमी स्पेशालिस्ट लागत असेल किंवा मागच्या ५ वर्षांत मानसिक आजारासाठी हॉस्पिटलमध्ये राहावं लागलं असेल, तर डीडी २७९२ भरून घेतात. मुलाला शाळेत विशेष शिक्षण चालू असेल तर २७९२-१ लागतो, आणि तो शाळेकडून भरून आणायचा असतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेत सहीला माणूस सापडत नाही, तेव्हा तो मे महिन्यातच उरकलेला बरा. दातांचंही आधीच बघा. रूट कॅनाल अर्धवट असेल तर कागद तिथेच थांबतो.

आपल्याकडच्यांची खरी अडचण भारतातल्या कागदांची. माझं लसीचं कार्ड आईने साताऱ्याहून फोटो काढून पाठवलं. त्यावर निळ्या शाईत 'त्रिगुणी' आणि 'गोवर'. नर्सने ते मोबाइलवर मोठं करून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. शेवटी रक्त तपासून गोवर आणि कांजिण्यांची प्रतिकारशक्ती आहे हे सिद्ध करावं लागलं, आणि सुई एकदा टोचून भागलं. दुसरी गोष्ट टीबीची. जन्म भारतात म्हटलं की हा प्रश्न येतोच. दंडावर बीसीजीचा व्रण असेल तर आधीच सांगा आणि रक्तातून होणारी इग्रा टेस्ट मागा. त्वचेवरची टेस्ट बीसीजीमुळेही फुगू शकते, मग एक्स-रे आणि आणखी दोन आठवडे. पुण्या-मुंबईत ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड मागवून ठेवा. ती बहुधा इंग्रजीतच असतात, भाषांतराचा खर्च वाचतो.

औषधं विचारली की सगळी सांगा, वैद्यांकडचं चूर्णही. जपानला जाणार असाल तर हे जास्तच महत्त्वाचं. एडीएचडीसाठी (लक्ष एकाग्र न होण्याचा त्रास) दिलं जाणारं अॅडरॉल जपानमध्ये नेता येत नाही आणि सर्दीच्या काही औषधांमधल्या स्यूडोएफेड्रिनवर मर्यादा आहे. जपान-कोरियासाठी जपानी मेंदूज्वराची लसही विचारून घ्या. दिवस गेले असतील तर तेही सांगा, कारण प्रसूतीची सोय प्रत्येक बेसवर नसते.

फाइलमध्ये काही सापडलं तर ती पुढच्या ठिकाणच्या हॉस्पिटलकडे विचारायला जाते. वेळ खातं ते इथेच. तुम्ही दर आठवड्याला फोन करा. 'पाठवलंय' म्हणाले तर कोणत्या तारखेला आणि कुणाकडे, ते लिहून घ्या. आमचा एक फॉर्म एका टेबलावर अकरा दिवस नुसता पडून होता. सही राहिलेली, आणि ते कुणी कळवलंही नाही.

काही लपवू नका. तिथे गेल्यावर उघडं पडलं तर कुटुंबाला मुदतीआधी परत पाठवतात आणि नवऱ्याला वरिष्ठांपुढे उत्तर द्यावं लागतं. नकार आला तरी वाट संपत नाही. उपचार पूर्ण करून किंवा नवे रिपोर्ट जोडून फेरविचार मागता येतो, दुसरं ठिकाण मागता येतं, नाहीतर नवरा एकटा जातो.

भारतीय पासपोर्टवर असणाऱ्यांनी आणखी एक बघावं. सरकारी कामाचा बिनफी पासपोर्ट फक्त अमेरिकन नागरिकांना मिळतो, तुम्हाला आपल्याच पासपोर्टवर व्हिसाची चौकशी करावी लागेल. ग्रीन कार्ड असेल तर नवऱ्याबरोबर लष्करी ऑर्डरवर राहिलेला परदेशातला काळ 'अमेरिका सोडली' असा धरत नाहीत. मात्र ऑर्डरवर तुमचं नाव हवं. ती ऑर्डर, क्लिअरन्सची प्रत आणि सगळे रिपोर्ट हातातल्या बॅगेत ठेवा; सामानाच्या जहाजात गेले तर महिना-दोन महिने दिसायचे नाहीत.