लक्ष्यित प्रथिन-विघटन व कर्करोग-औषधशोध

पेशीतील एखादे ठरावीक प्रथिन पेशीच्याच विल्हेवाट यंत्रणेकडून नष्ट करवून घेण्याची औषधशोधातील पद्धत. नेहमीचे औषध प्रथिनाच्या क्रियास्थळी बसून त्याचे काम रोखते आणि ते सुटले की प्रथिन पुन्हा कामाला लागते. विघटक औषध प्रथिनच नाहीसे करते; एक रेणू आपले काम आटोपून मोकळा झाला की दुसऱ्या प्रथिनरेणूकडे वळतो, त्यामुळे तो अल्प मात्रेतही पुरतो. ज्या प्रथिनांना रोखण्याजोगी खोबणच नाही, त्यांच्यापर्यंत पोचण्याची शक्यता या पद्धतीने निर्माण केली, हे तिचे खरे महत्त्व.

यंत्रणा : नष्ट करायच्या प्रथिनावर युबिक्विटिन या ७६ ॲमिनो अम्लांच्या छोट्या प्रथिनाची साखळी चढवली जाते. हे काम तीन प्रकारची एन्झाइमे क्रमाने करतात. ई-१ हे एटीपी (पेशीचे ऊर्जाद्रव्य) खर्चून युबिक्विटिन सक्रिय करते, ई-२ ते वाहून नेते आणि ई-३ लक्ष्य प्रथिन ओळखून त्याच्या लायसीन या ॲमिनो अम्लावर ते जोडून देते. माणसात ई-१ दोनच आहेत, ई-२ सुमारे ४० आणि ई-३ सहाशेच्या वर. निवडीची जबाबदारी अर्थातच ई-३ वर असल्याने औषधशोधाचे लक्षही तिथेच एकवटले आहे. ४८ क्रमांकाच्या लायसीनवरून जोडलेली, साधारणपणे चार किंवा अधिक दुव्यांची साखळी प्रोटिओसोम या प्रथिने कापणाऱ्या संकुलाला ओळखता येते. प्रोटिओसोमचा २०-एस हा गाभा प्रत्येकी सात उपघटकांच्या चार कड्यांचा पोकळ दंडगोल असतो. प्रथिन कापणारी स्थळे आतल्या दोन कड्यांत दडलेली असतात. टोकांना १९-एस टोप्या बसल्या की २६-एस प्रोटिओसोम तयार होतो. युबिक्विटिन कापले जात नाही, सुटून पुन्हा वापरात येते.

शोधाचा इतिहास व वाद : शरीरातील प्रथिने सतत मोडतात व नव्याने घडतात, हे रुडॉल्फ शोनहायमर यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात नायट्रोजन-१५ च्या साहाय्याने दाखवले. १९५३ मध्ये सिम्पसन यांना उंदराच्या यकृताच्या कापांत प्रथिन मोडायलाही ऊर्जा लागते असे आढळले. रासायनिक दृष्ट्या हे विपरीत होते, कारण पेप्टाइड बंध तुटताना ऊर्जा बाहेर पडायला हवी. लयकारिकांचा (पेशीतील पचनपिशव्यांचा) शोध लागल्यावर बहुतेकांनी विघटनाचे सारे श्रेय त्यांना दिले आणि ऊर्जेचा प्रश्न मागे पडला.

त्याचे उत्तर सशाच्या अपक्व तांबड्या पेशींतून, म्हणजे रेटिक्युलोसाइटमधून मिळाले. या पेशींत लयकारिका नसतात, तरीही सदोष प्रथिने एटीपी खर्चून मोडली जातात, हे एटलिंगर व गोल्डबर्ग यांनी १९७७ मध्ये दाखवले होते. इस्रायलमधील हैफा येथे अव्राम हेर्श्को व आरॉन सिएचॅनोव्हर यांनी या पेशींचा अर्क डीईएई-सेल्युलोजच्या, म्हणजे विद्युतभारानुसार प्रथिने वेगळी करणाऱ्या स्तंभातून सोडला. स्तंभाला न चिकटलेला तांबडा भाग आणि क्षाराने उतरवलेला दुसरा भाग हे दोन्ही वेगवेगळे निष्क्रिय होते. एकत्र केले की विघटन सुरू होई. तांबड्या भागातला बहुतांश ऐवज हिमोग्लोबिन. तो भाग तापवला तेव्हा हिमोग्लोबिन गोठून खाली बसले आणि वरच्या निवळीत क्रियाशीलता टिकून राहिली. उष्णता सोसणाऱ्या या घटकाला एपीएफ-१ असे नाव देण्यात आले (१९७८).

येथून श्रेयाचा प्रश्न सुरू होतो. युबिक्विटिन हे प्रथिन गिडिअन गोल्डस्टीन यांनी १९७५ मध्येच वेगळे केले होते. विघटनाशी त्याचा संबंध मात्र त्यांना दिसला नव्हता. १९७७ मध्ये गोल्डनॉफ व बुश यांनी ते हिस्टोन या डीएनए गुंडाळणाऱ्या प्रथिनाला फांदीसारखे जोडलेले दाखवले, पण तो हिस्टोन मोडत नव्हता. एपीएफ-१ म्हणजेच युबिक्विटिन ही ओळख १९८० मध्ये विल्किन्सन, अर्बन व हास यांनी पटवली. एपीएफ-१ लक्ष्य प्रथिनाला सहसंयुज बंधाने जोडले जाते, हे त्याच वर्षी हेर्श्को, सिएचॅनोव्हर व अर्विन रोझ यांनी सिद्ध केले आणि २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल या तिघांना मिळाले. जिवंत पेशीत या यंत्रणेला काय अर्थ आहे, हे मुख्यतः अलेक्झांडर वार्शाव्स्की यांच्या गटाने उलगडले. पुरस्कारात त्यांचे नाव नसणे काही अभ्यासकांना खटकते, आणि ती खंत निराधार म्हणता येत नाही.

प्रोटिओसोमचे मूळ याहून धूसर आहे. हॅरिस यांनी १९६८ मध्ये तांबड्या पेशींतून दंडगोलाकार कण मिळवले होते. विल्क व ऑर्लोव्स्की यांनी १९८० मध्ये गाईच्या पियूषिका ग्रंथीतून बहुविध क्रिया असलेले प्रथिनभंजक संकुल वर्णिले. प्रोसोम या नावाने ओळखला जाणारा कण आणि हे संकुल एकच, असे १९८८ मध्ये आरिगो, तनाका, गोल्डबर्ग व वेल्च यांनी दाखवले. पहिले निरीक्षण हॅरिस यांचे असले, तरी कार्याची ओळख विल्क व ऑर्लोव्स्की यांच्यापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

पहिली औषधे : बोर्टेझोमिब हे प्रोटिओसोमच्या बीटा-५ उपघटकाच्या थ्रिओनीनला बोरॉनद्वारे बांधले जाते आणि प्रोटिओसोमच बंद पाडते, म्हणजे ते विघटक नव्हे, विघटन रोखणारे औषध आहे. अमेरिकेत ते २००३ मध्ये मल्टिपल मायलोमासाठी (अस्थिमज्जेतील प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींच्या कर्करोगासाठी) मंजूर झाले. मायलोमाच्या पेशी प्रतिपिंडे प्रचंड प्रमाणात बनवतात. सदोष प्रथिनांचा निचरा तुंबला की त्याच आधी मरतात. प्रचलित मात्रा दर चौरस मीटर शरीरपृष्ठाला १.३ मिग्रॅ. ३.५ मिग्रॅची कुपी शिरेतून द्यायची असेल तर ३.५ मिली सलाइनमध्ये आणि त्वचेखाली द्यायची असेल तर १.४ मिलीमध्ये विरघळवतात. दोन्ही द्रावणांची तीव्रता वेगळी असल्याने सिरिंजवर मार्ग लिहिलेला नसेल तर मात्रा अडीचपट चुकू शकते. पाठीच्या कण्यात चुकून दिल्यास ते प्राणघातक ठरते. हातापायांना मुंग्या येऊन बधिरता येणे हा मुख्य त्रास; त्वचेखालील मार्गाने तो कमी होतो.

थॅलिडोमाइडचा प्रवास उलट दिशेचा आहे. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलेले हे औषध गर्भातील व्यंगांमुळे १९६१ मध्ये मागे घेतले गेले. पुढे कुष्ठरोगातील दुसऱ्या प्रकारच्या प्रतिक्रियेवर ते गुणकारी ठरले. दत्तपूर आणि आनंदवनासारखी कुष्ठसेवेची परंपरा असलेल्या विदर्भात हा भाग वेगळा समजावून सांगायला नको. १९९९ मध्ये ते मायलोमावर उपयोगी असल्याचे दिसले. मात्र ते सेरेब्लॉन या ई-३ घटकाला चिकटते हे हांडा यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवले, आणि त्याचा नातेवाईक रेणू लेनालिडोमाइड हा सेरेब्लॉनकरवी आयकेझेडएफ-१ व आयकेझेडएफ-३ ही मायलोमाच्या पेशींना जगवणारी प्रथिने संपवतो, हे २०१४ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे सिद्ध केले. औषध आधी आणि कारण दशकांनंतर, असा हा क्रम आहे.

द्विमुखी विघटक : एका टोकाने लक्ष्य प्रथिन आणि दुसऱ्या टोकाने ई-३ धरणाऱ्या रेणूला प्रोटॅक म्हणतात. साकामोटो, क्रूज व देशे यांच्या २००१ च्या निबंधापासून त्याची सुरुवात मानली जाते. तो रेणू पेप्टाइडयुक्त होता आणि बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात तपासला गेला. कल्पना १९९९ च्या एका पेटंट अर्जातही आढळते. फुलव्हेस्ट्रंट (२००२) इस्ट्रोजेन ग्राहीचे प्रमाण घटवते म्हणून काही जण त्यालाच पहिला विघटक म्हणतात. ते मुळात रोधक म्हणून घडवले होते आणि ई-३ ला हेतुपूर्वक जोडत नाही. तेव्हा प्रस्तुत नोंदीत २००१ हेच वर्ष धरले आहे. २०१५ च्या सुमारास व्हीएचएल (आणखी एक ई-३ घटक) व सेरेब्लॉनला धरणारे लहान, पेशीत शिरणारे रेणू आले आणि २०१९ मध्ये प्रोस्टेट कर्करोगाच्या रुग्णांना पहिला प्रोटॅक देण्यात आला.

या रेणूंचे वजन बहुधा ७०० ते १,००० डाल्टन असते, त्यामुळे तोंडावाटे शोषण हा कायमचा अडथळा. दुसरा अडथळा मात्रेचा. मात्रा फार वाढवली की विघटन वाढण्याऐवजी घटते : काही विघटक नुसतेच लक्ष्याला धरून बसतात, काही नुसतेच ई-३ ला. मध्यस्थच इतके झाले की दोन्ही पक्षांची गाठ पडत नाही. याला हुक परिणाम म्हणतात. फक्त १० मायक्रोमोलरला तपासून रेणू निष्फळ ठरवणे ही म्हणूनच गंभीर चूक. १ नॅनोमोलरपासून दहापटीने चढत जाणारी मात्रा आणि १, ४, ८ व २४ तास हे टप्पे घ्यावेत. डीएमएसओ या द्रावकाचे प्रमाण ताटलीच्या सर्व कूपांत ०.१ टक्के समान ठेवावे.

पडताळणी : वेस्टर्न ब्लॉटवर (प्रतिपिंडाने प्रथिन ओळखण्याच्या चाचणीत) पट्टा फिका झाला एवढ्याने विघटन सिद्ध होत नाही. विषारी रेणूने भाषांतर (एमआरएनएवरून प्रथिन घडणे) थांबले, तरी अर्ध्या तासाच्या आत निम्मी होणारी प्रथिने, उदा., कर्करोगाशी निगडित मिक, आपोआप ओसरतात. भाषांतराच्या समाप्तीला लागणारे जीएसपीटी-१ हे सेरेब्लॉनकडून अनवधानाने संपले तर असेच घडते आणि प्रबंधच्या प्रबंध चुकीच्या निष्कर्षावर उभे राहतात. त्यासाठी एमआरएनएचे मापन, एमएलएन-४९२४ ने क्युलिन-आधारित ई-३ रोखून पाहणे, सेरेब्लॉनचा सुटा बंधक जादा घालणे आणि ई-३ ला न चिकटणारा जोडरेणू वापरणे, एवढ्या चाचण्या किमान हव्यात. एमजी-१३२ ने प्रोटिओसोम रोखताना चार ते सहा तासांच्या पुढे जाऊ नये. पेशी मरू लागतात आणि पट्टा कोणत्या कारणाने बदलला ते कळत नाही.

युबिक्विटिनची साखळी पाहायची असेल तर पेशी फोडण्याच्या बफरमध्ये १० मिलिमोलर एन-एथिलमॅलेइमाइड असावे, नाहीतर युबिक्विटिन काढणारी एन्झाइमे काही मिनिटांत साखळी सोलून टाकतात. हे द्रव्य पाण्यात टिकत नाही, इथेनॉलमध्ये ताजेच करावे. बफरमध्ये डीटीटी हे थायॉल-द्रव्य असेल तर एन-एथिलमॅलेइमाइड त्याच्याशीच जोडून वाया जाते. वस्तुमान वर्णपटमापनासाठी आयोडोॲसिटामाइड टाळून क्लोरोॲसिटामाइड वापरतात, कारण आयोडोॲसिटामाइडचे दोन रेणू लायसीनवर बसले तर वजनातील वाढ प्रथिनाचे तुकडे केल्यावर लायसीनवर उरणाऱ्या युबिक्विटिनच्या दोन ग्लायसीनइतकीच, म्हणजे ११४ डाल्टन, दिसते.

प्राणिप्रयोगात उंदीर दगा देतो. मानवी सेरेब्लॉनच्या ३८८ व्या जागी व्हॅलीन आहे, उंदरात तिथे आयसोल्युसिन. त्यामुळे लेनालिडोमाइड उंदरात आयकेझेडएफ-१ संपवत नाही. उंदरावर विषाक्तता दिसली नाही म्हणून माणसात ती नसेल, असे या वर्गातील रेणूंबाबत मुळीच धरू नये.

नागपूर व विदर्भ : या भागात सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेल्या खर्र्यामुळे मुखकर्करोगाचा प्रश्न मोठा आहे. मेडिकलमध्ये (नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात), तुकडोजी कर्करोग रुग्णालयात किंवा जामठ्याच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत असे रुग्ण नेहमीचे. या अर्बुदांत पी५३ हे अर्बुद रोखणारे प्रथिन वारंवार उत्परिवर्तित असते. निरोगी पी५३ ला एमडीएम-२ हे ई-३ सतत मोडत असते आणि त्याचा अर्धायुकाल सुमारे २० मिनिटेच असतो. म्हणून निरोगी श्लेष्मल त्वचेच्या काचपट्टीवर पी५३ चे रंजन जेमतेम दिसते. बिघडलेले प्रथिन साचते व केंद्रके गडद तपकिरी होतात. मात्र जनुक मध्येच तुटले असेल तर प्रथिन बनतच नाही आणि केंद्रके पूर्ण कोरी राहतात. ही कोरी पट्टी निरोगी समजणे ही ओळखीची गफलत. शेजारच्या निरोगी पेशींत हलका रंग आहे ना, हे आधी पाहावे. एचपीव्ही या विषाणूमुळे होणाऱ्या कर्करोगांत विषाणूचे ई-६ प्रथिन (वरील ई-१ ते ई-३ या क्रमातले नव्हे) पी५३ ला पेशीतल्याच एका ई-३ कडून मोडवून घेते. घशातील अर्बुदांत हा मार्ग महत्त्वाचा असला तरी खर्र्याशी निगडित गालाच्या व जबड्याच्या अर्बुदांत त्याचा वाटा थोडाच दिसतो.

शस्त्रक्रियेतील ऊती विघटनाच्या अभ्यासासाठी घेताना वेळ हाच मुख्य शत्रू. रक्तपुरवठा तुटला की प्राणवायू संपतो, आणि एरवी काही मिनिटांत मोडणारे एचआयएफ (प्राणवायूच्या टंचाईला प्रतिसाद देणारे प्रथिन) साचू लागते, कारण व्हीएचएलला ते ओळखण्यासाठी लागणारी हायड्रॉक्सिल खूण प्राणवायूविना बसत नाही. मेडिकल चौकातून अमरावती रोडवरच्या विद्यापीठ परिसरापर्यंत तुकडा नुसत्या बर्फात नेला, तर वाटेत साचलेले प्रथिन अर्बुदाचे म्हणून मोजले जाईल. द्रव नायट्रोजनचे पात्र शस्त्रक्रियागृहाच्या दारातच हवे, आणि तुकडा कापल्याची व गोठवल्याची वेळ नोंदलेली हवी. संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता व रुग्णाची लेखी संमती त्याआधीच घेतलेली असावी.

परदेशी कृतिपत्रिकांतील ‘खोलीचे तापमान’ २० ते २५ अंश सेल्सिअस असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा वातानुकूलन बंद पडलेल्या खोलीत तीच कृती प्रथिनभंजकांना मोकळे रान देते. अशा वेळी युबिक्विटिन जोडणीच्या प्रक्रिया तापमान-नियंत्रित ठोकळ्यातच कराव्यात. पावसाळ्यात अडचण डीएमएसओची. ते हवेतील ओल शोषते, आणि थॅलिडोमाइड-वर्गीय टोकाचे ग्लुटारिमाइड कडे पाण्यात हळूहळू उघडते, विशेषतः पीएच ७ च्या वर. साठा कोरड्या डीएमएसओत, एका वेळेपुरत्या कुप्यांत, उणे २० अंशांवर ठेवावा. पेशींवर २४ तासांहून लांबचा प्रयोग असेल तर माध्यमासह रेणू बदलावा. मुखकर्करोगासाठी द्विमुखी विघटक अद्याप मंजूर नाही. उत्परिवर्तित पी५३ ला निवडून धरणारा, निरोगी पी५३ ला सोडून देणारा बंधक मिळवणे हे त्यातील मुख्य रासायनिक कोडे आहे.