तीन गोळ्यांचा ग्रुप आणि त्यामागचा वाद : बंदूक-परीक्षणाची पार्श्वभूमी

रायफलच्या बहुतेक परीक्षणांत एक छायाचित्र हमखास असते. कागदी टार्गेटवर एकमेकांजवळ उमटलेली तीन भोके (अशा पुंजक्यालाच ग्रुप म्हणतात) आणि खाली ‘०.७ एमओए’ असा आकडा. एमओए म्हणजे मिनिट ऑफ अँगल, एका अंशाचा साठावा भाग. गोळ्या किती विखुरल्या ते या कोनात सांगतात. गेल्या काही वर्षांत तीनच गोळ्यांवरून काढलेल्या या आकड्यावरून नेमबाजांमध्ये जेवढी भांडणे झाली तेवढी क्वचितच दुसऱ्या कशावरून झाली असतील. हा आकडा आला कुठून, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

बंदुका तपासण्याची सर्वांत जुनी रीत शिक्क्याची. लंडनच्या बंदूक-कारागिरांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली, आजच्या बेल्जियममधल्या लीएजमध्ये १६७२ पासून अशी व्यवस्था आली आणि बर्मिंगहॅमचे तपासणीघर १८१३ च्या कायद्याने उभे राहिले. रीत सोपी होती. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढायचा. नळी फुटली किंवा फुगली नाही तर शिक्का मारायचा. आजही शिक्क्याआधी झाडल्या जाणाऱ्या काडतुसाचा दाब मान्य कमाल दाबापेक्षा निदान पाव पटीने जास्त असतो. बंदूक चालवणाऱ्याच्या हातात फुटणार नाही, एवढीच हमी हा शिक्का देतो. ती नेमकी लागते का, हजार गोळ्यांनंतर अडकते का, याबद्दल तो काही सांगत नाही.

गोळीचा वेग मोजण्याची सोय अठराव्या शतकात आली. एका इंग्रज गणितज्ञाने १७४२ मध्ये लोलकाची युक्ती मांडली : जड लाकडी लोलकात गोळी झाडायची आणि तो किती मागे झुलला यावरून वेग काढायचा. पुढे विजेवर चालणारी वेगमापके आली, पण ती राहिली सरकारी कोठारांत आणि कारखान्यांत.

सैन्याच्या चाचण्यांनी टिकाऊपणाचा प्रश्न पुढे आणला. यातली सर्वांत जास्त सांगितली जाणारी चाचणी मार्च १९११ ची. अमेरिकी सैन्यासाठी दोन पिस्तुले निवडीच्या शेवटच्या टप्प्यात होती आणि दोन्हींमधून प्रत्येकी ६,००० गोळ्या झाडायच्या होत्या. शंभर गोळ्यांनंतर पिस्तूल थंड होऊ द्यायचे, हजार गोळ्यांनंतर साफ करून तेल द्यायचे. एक पिस्तूल न अडकता पार झाले, दुसरे ३७ वेळा अडकले. निकाल तर महत्त्वाचा होताच, पण माझ्या दृष्टीने जास्त मोलाचे आहे ते नोंदीतले तपशील : किती गोळ्या, मध्ये किती विश्रांती, साफसफाई कधी. वाचणाऱ्याला चाचणी डोळ्यांसमोर उभी करता येते.

त्याच सैन्याने १९६० च्या दशकात उलटे उदाहरण घालून दिले. नवी हलकी रायफल एका प्रकारच्या दारूवर तपासली गेली आणि सैनिकांच्या हाती गेली तेव्हा काडतुसांतली दारू बदललेली होती. झाडण्याचा वेग वाढला, काजळी वाढली, नळीच्या मागच्या, काडतूस बसते त्या कक्षाला क्रोमचा मुलामा नव्हता आणि सफाईचे सामानही पुरेसे पोचले नव्हते. व्हिएतनाममध्ये रिकामी पुंगळी कक्षातच अडकून बसायची आणि ती काढायला सैनिकाला पुढून नळीत गज घालावा लागायचा. १९६७ मध्ये संसदीय चौकशीने यावर कडक ताशेरे ओढले. चाचणी खोटी नव्हती. ती दुसऱ्याच काडतुसाची होती.

सामान्य ग्राहकासाठी परीक्षण लिहिण्याची परंपरा मात्र मासिकांनी घडवली, आणि आजच्या वादाचे मूळ तिथेच आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या एका जुन्या मासिकाने पद्धत ठरवून घेतली होती : शंभर यार्डांवर पाच गोळ्यांचे सलग पाच ग्रुप आणि त्यांची सरासरी. वाईट ग्रुप वगळायचा नाही. ही शिस्त सगळ्यांनी पाळली नाही. बंदूक उत्पादकाकडून आलेली, त्याच अंकात त्याची पानभर जाहिरात आणि वाचकाला दाखवायला एक सुंदर टार्गेट हवे. हळूहळू पाचचे तीन झाले, सरासरीच्या जागी ‘उत्तम ग्रुप’ आला.

तीन गोळ्यांच्या बाजूने दिली जाणारी कारणे अगदीच पोकळ नाहीत. शिकारी रायफलची नळी बारीक असते, चौथ्या-पाचव्या गोळीला ती तापते आणि मार, म्हणजे गोळी लागण्याची जागा, सरकतो. शिकाऱ्याला एका वेळी तीनपेक्षा जास्त गोळ्या झाडाव्या लागतात असेही क्वचितच होते. काडतुसे महाग आहेत. हे सगळे मान्य करूनही तीन गोळ्यांवरून रायफलची अचूकता सांगता येत नाही.

कारण ग्रुप मोजायची रीत. सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या मध्यांमधले अंतर म्हणजे ग्रुप. म्हणजे दहा गोळ्या झाडल्या तरी माप दोनच भोकांवरून निघते आणि बाकीची आठ भोके काय सांगतात ते वाया जाते. शिवाय गोळ्या वाढल्या की हे अंतर वाढतच जाते, कधी कमी होत नाही. मार दोन्ही दिशांना सारखा आणि नेहमीच्या घंटाकृती वाटणीप्रमाणे विखुरतो असे धरले तर गणित स्पष्ट आहे : ज्या रायफलचे तीन गोळ्यांचे ग्रुप सरासरी १ एमओए येतात, तिचे पाच गोळ्यांचे ग्रुप सुमारे १.२७ आणि दहाचे सुमारे १.६ एमओए येतील. रायफल तीच, काडतूस तेच, नेमबाज तोच. एक एमओए म्हणजे शंभर मीटरवर साधारण २९ मिलिमीटर. तेव्हा २९ आणि ४६ मिलिमीटर हे दोन्ही आकडे एकाच रायफलचे आणि दोन्ही खरे आहेत.

त्याहून मोठी अडचण योगायोगाची. सरासरी १ एमओए देणाऱ्या रायफलचा एखादा तीन गोळ्यांचा ग्रुप ०.६ चा येईल, पुढचा १.४ चा येईल, आणि यात रायफलमध्ये काहीच बदललेले नसेल. चार-पाच ग्रुप झाडून त्यातला ०.६ चा छापला तर खोटे काही लिहिलेले नाही, तरी वाचक फसतोच. ‘ती एक गोळी माझ्या हातून चुकली’ म्हणून बाजूला टाकलेले भोक हा याचाच दुसरा प्रकार. शिवाय दोन लहान ग्रुपांचे मध्य वेगवेगळ्या जागी असले तर सुटे सुटे मापताना ती सरकण दिसतच नाही. सगळी टार्गेटे एकमेकांवर ठेवून पाहिली की खरे चित्र कळते.

उपायही नवा नाही. अमेरिकी सैन्याच्या दारूगोळा तपासणीत सरासरी त्रिज्या वापरली जाई : सगळ्या भोकांचा मध्य काढायचा आणि त्या मध्यापासून प्रत्येक भोकाचे अंतर घेऊन सरासरी करायची. यात एकही गोळी वाया जात नाही. दहा गोळ्यांचा ग्रुप या त्रिज्येच्या साधारण तिप्पट भरतो, त्यामुळे जुन्या आकड्यांशी तुलनाही करता येते. पूर्वी हे पट्टी घेऊन करायला अर्धा तास जाई. आता मोबाइलवर फोटो टाकला की आकडा मिळतो. तरीही अनेक उत्पादकांच्या ‘एक एमओएच्या आत’ या हमीच्या बारीक अक्षरांत ‘तीन गोळ्या, ठरावीक काडतूस’ हीच अट असते. परीक्षकांनी ती अट जशीच्या तशी उचलावी, हे मला पटत नाही.

काडतुसांच्या बाबतीत स्पर्धेतले नेमबाज याच्या कितीतरी पुढे आहेत. ५० मीटर रायफलमध्ये दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे, १० मीटर एअर रायफलमध्ये तर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या काडतुसांच्या दोन लॉटमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या वेळी बनलेल्या खेपांमध्ये, फरक पडतो, म्हणून आपली नळी पकडीत घट्ट बसवून लॉटमागून लॉट झाडून पाहायचे आणि जो सर्वांत आवळून मारतो त्याचे डबे साठवून ठेवायचे, ही तिथली नेहमीची पद्धत आहे. ‘कोणते पेलेट (एअर रायफलचे छर्रे) चांगले?’ या प्रश्नाला तिथे लॉट क्रमांकाशिवाय उत्तर नसते.

स्कोपच्या, म्हणजे रायफलवरच्या नेम धरायच्या दुर्बिणीच्या, परीक्षणातही असाच बदल झाला. पूर्वी काच किती स्वच्छ, एवढ्यावर लेख संपायचा. आता उंच टार्गेटवर मोजपट्टी लावून, रायफल जखडून, स्कोपच्या चकतीच्या ०.१ मिलच्या (मिल हेही कोनाचेच माप) प्रत्येक क्लिकला शंभर मीटरवर खरोखर एक सेंटिमीटर सरक होते का हे तपासतात. मग चकती परत शून्यावर आणून मार जागेवर येतो का ते पाहतात. वेगमापकेही घरोघरी आली. प्रकाशाच्या पडद्यांमधून गोळी घालवणारी जुनी यंत्रे ऊन-सावली बदलली की चुकायची. छोट्या रडारांनी ती कटकट संपवली.

पिस्तुलांचे परीक्षण याच काळात गोळ्यांच्या आकड्यांकडे झुकले. साफ न करता, तेल न देता २,००० गोळ्या झाडायच्या ही परीक्षा लोकप्रिय झाली. ती उपयोगी आहे, पण एकाच नगावर झालेली असते आणि पिस्तूल हातातून पडल्यावर काय होते ते तिच्यात येत नाही.

पडण्याचा हा प्रश्न पुढे आला २०१७ मध्ये. अमेरिकी सैन्याने त्या वर्षी ज्या पिस्तुलावर आधारित नमुना निवडला होता, त्याची बाजारातली आवृत्ती खाली पडली तर गोळी सुटते, हे काही खासगी परीक्षकांनी ऑगस्टमध्ये दाखवले. उद्योगाच्या मानकात पिस्तूल चार फुटांवरून रबराच्या जाड पत्र्यावर टाकायचे असते, नळी उभी, आडवी, उलटी अशा ठरलेल्या स्थितींत. पिस्तूल त्यात उत्तीर्ण होते. परीक्षकांनी ते तिरपे टाकले, स्लाइडची, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाची, मागची कड आधी आपटेल असे. त्या कोनात जड चाप स्वतःच्या वजनाने मागे जात राही आणि बार निघे. उत्पादकाने काही दिवसांतच हलक्या चापासह दुरुस्ती मोफत देऊ केली. ठरलेल्या स्थितींच्या यादीत तो कोन नव्हता, आणि तिरप्या पडण्याची चाचणी आता स्वतंत्र परीक्षक आपणहून करू लागले आहेत.