पोलादी पडदा: एक थिएटरातला, एक चर्चिलचा

जुन्या इंग्रजी पेपरात ‘आयर्न कर्टन’, म्हणजे पोलादी किंवा लोखंडी पडदा, दिसला की आपल्या डोक्यात लगेच रशिया आणि शीतयुद्ध येतं. पण आधी तारीख बघा. १८८०-९० च्या सुमाराची बातमी असेल तर तो पडदा बहुतेक वेळा खराखुरा असतो, थिएटरमधला, लोखंडाचा, आणि बातमी आगीची असण्याची शक्यता जास्त.

त्या काळी स्टेजवर गॅसचे दिवे, रंगवलेली कापडं, दोर, लाकूड सगळं एकाच जागी, त्यामुळे आग लागायची ती तिथेच, मग वरून लोखंडी पडदा धाडकन खाली सोडायचा, आग पलीकडे अडकते आणि प्रेक्षकांना बाहेर पडायला वेळ मिळतो, एवढाच हिशोब. लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात १७९४ मध्येच असा पडदा होता. पण पडदा असणं वेगळं आणि वेळेवर खाली येणं वेगळं. ८ डिसेंबर १८८१ ला व्हिएन्नाचं रिंगथिएटर जळलं तेव्हा लोखंडी पडदा होता, पण तो खाली सोडलाच गेला नाही आणि शेकडो माणसं गेली. शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरात ३० डिसेंबर १९०३ ला तर पडदा अ‍ॅस्बेस्टॉसचा म्हणून सांगितलेला, तो खाली येता येता मध्येच अडकला, ६०० च्या वर लोक मेले, आणि नंतर तपासलं तर त्यात लाकडाचा लगदाच भरपूर निघाला! म्हणजे फायरप्रूफ नुसतं नावाला.

आता दुसरा पडदा, राजकारणातला, म्हणजे सोव्हिएत गटाला बाकीच्या युरोपपासून तोडणारी बंद सीमा. हा शब्द चर्चिलने शोधला असं बरेच जण ठोकून देतात, ते काही खरं नाही. रशियन लेखक रोझानोव्हने १९१८ मध्येच लिहिलं होतं की रशियाच्या इतिहासावर लोखंडी पडदा करकरत खाली येतोय, खेळ संपला. त्याच्या डोळ्यासमोर अजून थिएटरच होतं, पुढे प्रेक्षक घरी जायला उठतात असंही येतं. १९२० मध्ये ब्रिटिश समाजवादी एथेल स्नोडेन बोल्शेविकांचा रशिया बघून आल्या, त्यांनीही हाच शब्द वापरला, पण तिथे थिएटर गायब, नुसती बंद सीमा उरली. फेब्रुवारी १९४५ मध्ये तर खुद्द हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याने ‘दास राइश’ या साप्ताहिकात सोव्हिएत ताब्यातल्या भागावर लोखंडी पडदा पडेल असं लिहिलं. चर्चिलने १२ मे १९४५ ला अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांना तारेत तोच शब्द पाठवला आणि मग ५ मार्च १९४६ ला अमेरिकेत मिसुरीतल्या फुल्टनला जाहीर भाषणात, बाल्टिकवरच्या स्टेटिनपासून एड्रियाटिकवरच्या ट्रिएस्टपर्यंत पडदा पडलाय म्हणून. त्यानंतर सगळ्या पेपरांनी तो उचलला. आधीचे लोक हळूच मागे पडले, त्यात गोबेल्सची आठवण कोणाला ठेवायचीच नसणार हेही आलंच म्हणा.

काम बघितलं तर दोन्ही उलटे आहेत. थिएटरातला पडदा समोरच्यांना वाचवायला, पलीकडे काय जळतंय ते लपवणं हा त्याचा हेतूच नाही. राजकारणातला मात्र पलीकडचं दिसू नये म्हणून, आणि त्याच्या मागे अडकलेल्यांना वाचवायचं तर दूरच, बाहेर पडायलाही बंदी. म्हणून जुनी बातमी वाचताना मी आधी बघतो की पडद्यामागे कोण आहे, आग की माणसं. तेवढ्यावर बहुतेक वेळा काम होतं.

बर्लिनच्या भिंतीशी पण गल्लत करू नका. भिंत १३ ऑगस्ट १९६१ ला घालायला सुरुवात झाली, तोपर्यंत पडदा पेपरांत जुना झाला होता, आणि भिंत एका शहरातली तर पडदा आख्ख्या युरोपभर. प्रत्यक्षात मात्र त्याच्यावर काटेरी तारा, पहारे, सुरुंग असं खरं लोखंड पुढे आलंच. हंगेरीने मे १९८९ पासून त्या तारा काढायला घेतल्या, आणि २७ जूनला ऑस्ट्रियाचे आलॉइस मॉक आणि हंगेरीचे ग्युला होर्न या परराष्ट्रमंत्र्यांनी कॅमेऱ्यांसमोर कात्रीने तार कापली तोवर बरंचसं कुंपण आधीच निघालेलं होतं. फोटो झकास आला आणि पेपरांत छापूनही आला.