खिशातले पिस्तूल : काडतूस अडकणे व दुरुस्ती

खिशातले पिस्तूल : कोटाच्या वा पँटच्या खिशात मावणारे, बहुधा ६·३५ किंवा ७·६५ मिमी. नळीव्यासाचे लहान अर्धस्वयंचलित पिस्तूल. गोळी झाडल्यावर रिकामी पुंगळी (काडतुसाचे धातूचे कवच) बाहेर पडून मॅगझिनमधले (मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या डबीतले) पुढचे काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत) जाणे, ही क्रिया मोठ्या पिस्तुलापेक्षा यात अधिक वेळा बिघडते. प्रस्तुत नोंद या बिघाडापुरती व गोव्यातील वापराच्या संदर्भात आहे.

‘पिस्तूल’ व ‘काडतूस’ हे शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आले, असे सामान्यतः मानतात. युरोपातील मूळ शब्दाविषयी मात्र एकमत नाही. नळी वा शिटी या अर्थाचा चेक शब्द हे एक मूळ सांगितले जाते, तर इटलीतील पिस्तोया गाव हे दुसरे. पहिले अधिक संभवनीय वाटते.

अमेरिकन शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्यावरून बेल्जियममधील एफ. एन. कारखान्याने काढलेले ६·३५ मिमी.चे पिस्तूल हा या वर्गाचा आदर्श नमुना. त्याची लांबी सुमारे ११४ मिमी. असून मॅगझिनमध्ये सहा काडतुसे बसतात. काही ग्रंथ त्याला १९०५ चे, तर काही १९०६ चे म्हणतात. आराखड्याचे वर्ष व बाजारात येण्याचे वर्ष यांची गल्लत झाल्याने हा भेद पडला असावा. अमेरिकेत कोल्ट कंपनीने तेच पिस्तूल १९०८ मध्ये आणले. ७·६५ मिमी.चे काडतूस याहून थोडे जुने असून ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे आहे.

गोव्यात व्यासाच्या नावांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत येथे पोर्तुगीज राजवट होती आणि युरोपीय पिस्तुलांवर व्यास मिलिमीटरमध्ये कोरलेला असतो; भारतीय परवान्यावर तो इंचात लिहितात. ६·३५ म्हणजेच ·२५, आणि ७·६५ ब्राउनिंग म्हणजेच ·३२ एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्टल). परंतु पोर्तुगीज लष्कराने १९०९ मध्ये स्वीकारलेल्या लुगर पिस्तुलाचे काडतूसही ७·६५ मिमी.चेच, आणि ते याहून लांब व जोरकस असते. ती दोन काडतुसे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. उलट बाजूने, भारतीय बनावटीच्या ·३२ रिव्हॉल्व्हरचे काडतूस ·३२ पिस्तुलात चालत नाही. ‘अडकते’ अशी तक्रार आली की प्रथम पुंगळीच्या बुडावरील अक्षरे व नळीवरील कोरीव अक्षरे ताडून पाहावीत.

अडकण्याची कारणे : या पिस्तुलांपैकी बहुतेकांत गोळी सुटताना नळी व स्लाइड (नळीवरून मागेपुढे सरकणारा वरचा भाग) यांना जखडून ठेवणारी योजना नसते; स्लाइडचे वजन आणि मुख्य स्प्रिंग यांवरच सारी मदार असते. स्लाइड लहान म्हणून स्प्रिंग कडक आणि स्लाइडचा प्रवास तोकडा, काडतुसाच्या लांबीपेक्षा थोडाच अधिक. तेवढ्या क्षणात मॅगझिनच्या स्प्रिंगने पुढचे काडतूस वर ढकलायचे असते. ती थकलेली असेल तर स्लाइड काडतुसावरून घसरते व चेंबर रिकामे राहते किंवा काडतूस अर्धवट तिरके अडकते. मॅगझिनचे ओठ, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या वळलेल्या कडा, थोडेसे फाकले तरी हेच घडते. म्हणून दोषाचा शोध मॅगझिनपासून सुरू करावा. मॅगझिन बदलल्यावर दोष गेला, तर पिस्तुलाला हात लावण्याचे कारण उरत नाही.

·३२ काडतुसाचा एक खास दोष म्हणजे कडेत कड अडकणे. या काडतुसाच्या बुडाची कड पुंगळीच्या अंगापेक्षा प्रत्येक बाजूस जेमतेम पाव मिमी. बाहेर असते. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली, की वरचे पुढे सरकतच नाही आणि स्लाइड हिसडून काही उपयोग होत नाही. मॅगझिन काढून काडतुसे एकेक बाहेर घ्यावी लागतात. याचे खापर काही लेखक पुंगळीच्या रचनेवर फोडतात, तर काही आखूड गोळीवर. दुसरे मत अधिक पटते. गोळीवर धातूचे पूर्ण आवरण असलेल्या गोल टोकाच्या काडतुसाची लांबी सुमारे २५ मिमी. असते, तर पोकळ टोकाचे त्याहून आखूड असून त्याला मॅगझिनमध्ये मागेपुढे सरकायला जागा मिळते. त्याच पिस्तुलात गोल टोकाची काडतुसे भरली की हा दोष क्वचितच दिसतो. जुनी पिस्तुले तर गोल टोकासाठीच घडवलेली आहेत. आखूड काडतुसेच वापरायची असतील, तर मॅगझिनच्या पाठीला पातळ पट्टी बसवून ती जागा भरून काढतात.

रिकामी पुंगळी स्लाइडच्या तोंडाशी उभी अडकली तर एक्स्ट्रॅक्टरचा, म्हणजे पुंगळी चेंबरमधून ओढून काढणाऱ्या भागाचा, आकडा पाहावा. खिशातील सुताची लव, तंबाखूची भुकटी आणि वाळलेले तेल यांचा काळा गोळा नेमका त्या आकड्याखाली बसतो. टूथपिकने तो काढल्यावर आकड्याची पकड पुष्कळदा परत येते. सैल मनगटाने झाडल्यासही स्लाइड पुरती मागे जात नाही. लहान मुठीवर करंगळीला जागा नसल्याने हा दोष याच पिस्तुलात अधिक आढळतो.

चेंबरकडे जाणाऱ्या उतारावर ओरखडे असल्यास तो हलकेच गुळगुळीत करतात. तेथे कानस चालवू नये. उताराचा कोन बदलला किंवा चेंबरचे तोंड खाली कापले गेले, तर पुंगळीच्या भिंतीचा आधार जातो व ती फुटू शकते. असे बिघडवलेले पिस्तूल पूर्ववत होत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायाला परवाना लागतो. म्हणून मालकाने सफाई व तेल यांपुरतेच राहून बाकी काम परवानाधारक कारागिराकडे द्यावे. सफाईपूर्वी मॅगझिन आधी काढावे, मग स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी व बोटाने तपासावे; हा क्रम उलटा केल्यास चेंबरमध्ये नवे काडतूस चढते.

हवामान : जून ते सप्टेंबरचा पाऊस आणि किनाऱ्यावरची खारी हवा यांमुळे पोलाद लवकर गंजते. चामड्याचे म्यान ओल धरते, त्यामुळे पावसाळ्यात पिस्तूल त्यात ठेवू नये. निवडणुकीची आचारसंहिता लागली की बहुतेक परवानाधारकांना हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावे लागते व ते काही आठवडे पुसल्यावाचून राहते. परत मिळताच मॅगझिनची स्प्रिंग काढून तिच्या वेढ्यांतला गंज पाहावा. बाहेरून चकचकीत असलेल्या पिस्तुलातही तो तेथे लपलेला असतो. घरात हाताशी असलेले खोबरेल वापरू नये. ते सुमारे २४ अंश से.च्या खाली थिजते, आणि गोव्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा त्याखाली उतरतो. तेव्हा स्लाइड जड होऊन शेवटचे दोन-तीन मिमी. बंद होत नाही. त्याऐवजी पातळ यंत्रतेलाचे दोन थेंब पुरतात.