घंगाळातलं नाणं

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या जुन्या घरात आजीचं तांब्याचं घंगाळ अजून आहे. परवा त्याच्या तळाशी कणकेच्या गोळीने एक रुपया चिकटवला. भाचीला हळूहळू मागे सरकायला सांगितलं आणि काठाआड नाणं दिसेनासं झालं तिथेच थांबवलं. मग मी तांब्याने पाणी ओतायला लागलो. "मामा, वर आलं!" ती ओरडली. नाणं तळालाच होतं.

हवेत प्रकाश सेकंदाला जवळजवळ ३ लाख किलोमीटर धावतो, पाण्यात सव्वादोन लाख. पाण्यातून तिरका बाहेर पडताना त्याचा वेग वाढतो आणि वाट वाकते. डोळा मात्र प्रकाश सरळच आला असं धरून चालतो आणि नाणं आहे त्यापेक्षा वर बघतो. वरून पाहिलं तर ४० सेंटिमीटर पाणी जेमतेम ३० वाटतं. अनोळखी तळ्यात मुलांना उतरू देऊ नये ते यासाठीही.

वेग बदलला म्हणून वाट का वाकावी? गणपतीच्या मिरवणुकीतली लेझमीची आडवी रांग डांबरी रस्त्यावरून तिरकी चिखलात शिरली, तर ज्या टोकाचे पाय आधी चिखलात पडतात ते टोक रेंगाळतं, दुसरं पुढे जातं आणि रांगच वळते. तीच रांग समोरून सरळ शिरली तर सगळे एकदम मंदावतात, वळत कुणीच नाही. प्रकाशाच्या लाटेचंही तसंच. हे अपवर्तन. त्याचा नेमका हिशेब डच गणिती स्नेलने १६२१ मध्ये मांडला, पण बगदादच्या इब्न सहलने तो ९८४च्या सुमारासच लिहून ठेवला होता.

काचेत वेग २ लाखांवर येतो, हिऱ्यात सव्वा लाखाच्याही खाली. त्यातही जांभळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त मंदावतो, म्हणून जास्त वळतो. जयविलास राजवाड्याच्या दरबार हॉलमधल्या झुंबरांखाली मान जराशी हलवून बघा, एकाच लोलकात हिरव्याचा तांबडा होतो.

माझा सगळ्यात लाडका प्रयोग तेलाचा. प्रयोगशाळेत वापरतात त्या बोरोसिलिकेट काचेत आणि शेंगदाण्याच्या तेलात प्रकाशाचा वेग जवळजवळ सारखाच असतो. हवेतली काच आपल्याला दिसते ती तिच्या कडेशी प्रकाश वळतो, थोडा परततो म्हणून. वेगच बदलला नाही तर वळणार काय आणि परतणार काय? तेलाच्या भांड्यात परीक्षानळी सोडली. रिकामी होती तोवर लख्ख दिसत होती. आत तेल चढत गेलं तशी खालून वर पुसत गेली. भाची तेलात बोटं घालून ती चाचपत राहिली.